वॉलपेपर काळा झाला म्हणून फॉरमॅट मारू नका: जुन्या कॉम्प्युटरची सर्व्हिस सुरू करणाऱ्यांसाठी



सिन्नरच्या बाजारपेठेत किंवा मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या ऑफिसांत एकदा डोकावून बघा. टेबलावर दहा-बारा वर्षं जुना कॉम्प्युटर, साडेअठरा इंची मॉनिटर, आत विंडोज सेव्हन, आणि पडद्यावर गणपतीचा, साईबाबांचा नाहीतर गोंदेश्वर मंदिराचा फोटो. बिलं यावरच निघतात, उधारी यावरच लिहिली जाते. कॉम्प्युटर रिपेअरिंगचा धंदा सुरू करताय ना? मग हेच तुमचं पहिलं गिऱ्हाईक आहे. आणि त्याचा पहिला फोन बहुतेक वेळा असा येतो: "दादा, कॉम्प्युटरचं तोंडच काळं झालंय, जरा बघून जा."

नवीन पोरांना हे काम किरकोळ वाटतं. वॉलपेपर तर आहे, त्यात काय बघायचं? दुसरा फोटो लावला की झालं. नाहीतर सरळ फॉरमॅट मारायचा, तीन-चारशे रुपये घ्यायचे. मीही सुरुवातीला असंच करायचो. एका दुकानात गेलो, तर शेठचा नेहमीचा वॉलपेपर जाऊन विंडोजचा निळा वॉलपेपर आला होता आणि डेस्कटॉपवरच्या फाइली दिसत नव्हत्या. मी म्हटलं व्हायरस आहे. फॉरमॅट मारला, नवीन विंडोज टाकलं, चकाचक करून दिलं. संध्याकाळी शेठ विचारतात, "माझी उधारीची एक्सेल कुठंय?" ती फाइल गेलेली नव्हती हो, मशीनमध्येच होती. मी पुसली. कशी, ते पुढे सांगतो. ज्यांनी कबूल केलं त्यांची उधारी शेठला मिळाली, बाकीच्यांची मिळाली नाही.

म्हणून आजचा धडा वॉलपेपरचा आहे. व्हिडिओत क्लिक कुठे करायचं ते दाखवलंच आहे. इथे कारणं नीट समजून घेऊ. कारण कळलं की हात आपोआप योग्य ठिकाणी जातो.

हात लावण्याआधी

मशीनसमोर बसलात की माउसला हात लावू नका. आधी मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. उजव्या कोपऱ्यात खाली काही लिहून आलंय का ते वाचा. मग मालकाला तीन गोष्टी विचारा. कधीपासून असं झालंय? त्याच्या आधी लाइट गेली होती का, कुणी अपडेट केलं का, मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्क बदलली का? आणि डेस्कटॉपवर रोजच्या कामाच्या फाइली ठेवता का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे दहापैकी नऊ दुकानदार फाइल डेस्कटॉपवरच ठेवतात, कारण समोर दिसते. पण डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधलाच एक फोल्डर आहे. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की डेस्कटॉप गेला.

त्यामुळे कारण काहीही निघो, आधी बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर, टॅली असेल तर टॅलीचा डेटा फोल्डर, हे सगळं स्वतःच्या पेन ड्राइव्हवर नाही तर मालकाच्या पेन ड्राइव्हवर घ्या. दुसऱ्याचा हिशेब आपल्या खिशात घेऊन फिरायचं नाही. कॉपी झाल्यावर दोन-तीन फाइली उघडून बघा. कॉपी झाली आणि उघडत नाही, असं जुन्या डिस्कवर होतं.

पूर्ण काळा पडदा, पण आयकॉन ठीक

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि कारणं चार-पाच आहेत. सगळ्यांत फसवं कारण आधी घेऊ.

मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनला आधार देणं १४ जानेवारी २०२० ला थांबवलं. त्याच दिवशी शेवटचा फुकट अपडेट आला, त्याचा नंबर केबी ४५३४३१०. गंमत म्हणजे जाता जाता या शेवटच्या अपडेटनेच घोळ घातला. ज्यांचा वॉलपेपर 'स्ट्रेच' या पर्यायावर लावलेला होता, त्यांचा वॉलपेपर काळा झाला. जगभर झाला. मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं की दुरुस्ती फक्त पैसे भरून पुढची सेवा घेणाऱ्यांना मिळेल. लोकांनी ओरड केल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये सगळ्यांसाठी दुरुस्ती काढली, तिचा नंबर केबी ४५३९६०२. ज्या मशीनवर पहिला अपडेट आहे आणि दुसरा नाही, तिथे हा प्रकार आजही भेटतो.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक, पर्सनलाइझ, खाली डेस्कटॉप बॅकग्राउंड, आणि त्याच्याही खाली 'पिक्चर पोझिशन'. तिथे 'स्ट्रेच' असेल तर 'फिल' करा आणि सेव्ह करा. फोटो परत आला? मग रोग सापडला. अपडेट शोधत बसायची गरजच नाही. फोटो स्क्रीनच्या नेमक्या मापाचा केला तरीही चालतं, ते कसं करायचं ते खाली आहे.

आता दुसरं कारण. उजव्या कोपऱ्यात खाली पांढऱ्या अक्षरांत 'धिस कॉपी ऑफ विंडोज इज नॉट जेन्युइन' असं लिहून आलंय. म्हणजे विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालेलं नाही किंवा खोटं आहे. अशा वेळी विंडोज सेव्हन तुमचा वॉलपेपर दर तासाला काळा करतं. नवशिक्या इथे हमखास आपटतो. तो फोटो परत लावतो, पैसे घेतो, स्कूटरवर बसतो. घरी पोचेपर्यंत फोन येतो की परत काळं झालं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "याला काही येत नाही." आणि सिन्नरसारख्या गावात हे वाक्य तुमच्या आधी पुढच्या दुकानात पोचतं.

हा मेसेज आला म्हणजे मालक चोरच आहे असं समजू नका. कॅबिनेटच्या बाजूला किंवा मागे मायक्रोसॉफ्टचा स्टिकर आहे का बघा, त्यावर पंचवीस अक्षरांची की असते. मदरबोर्ड बदलला की खरं विंडोजसुद्धा अ‍ॅक्टिव्हेशन सोडतं. लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे ते बघून स्टिकरवरच्या कीने पुन्हा प्रयत्न करता येतो. स्टिकरच नसेल तर मालकाला स्पष्ट सांगा. क्रॅक टाकून देऊ नका. धर्म-नीतीची गोष्ट बाजूला ठेवू, धंद्याच्या भाषेत बोलू. क्रॅकसोबत काय येईल ते तुम्हाला माहीत नसतं, आणि त्या मशीनवर मालकाचं नेट बँकिंग आहे. उद्या खात्यातून पैसे गेले तर शेवटचा हात कुणाचा लागला होता? तुमचा.

तिसरं कारण अगदी साधं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस सेंटर' आहे. तिथे 'मेक द कॉम्प्युटर इझिअर टू सी' उघडलं की आत 'रिमूव्ह बॅकग्राउंड इमेजेस' असा एक चौकोन असतो. त्यावर बरोबरची खूण असेल तर तुम्ही हजार फोटो लावा, एकही दिसणार नाही. खूण काढा, अप्लाय करा. दुकानात लहान पोरं कीबोर्ड बडवतात तेव्हा आणखी एक होतं. डावा अल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं आणि आलेल्या प्रश्नाला होय म्हटलं, की हाय कॉन्ट्रास्ट सुरू होतं. वॉलपेपर गायब, सगळ्या खिडक्या काळ्या, अक्षरं भडक रंगाची. तीच तीन बटणं परत दाबा.

चौथं, स्लाइड शो. मालकाने पोराच्या लग्नाच्या फोटोंचा फोल्डर पेन ड्राइव्हवरूनच स्लाइड शोला लावला, पेन ड्राइव्ह काढून घरी नेला. आता विंडोजला फोटो सापडणार कुठून? फोटो आधी पिक्चर्स फोल्डरमध्ये कॉपी करा, मगच लावा. तसाही जुन्या मशीनवर मी स्लाइड शो बंदच ठेवतो. दर वेळी फोटो बदलताना ती डिस्क कुरकुरते आणि नेमकं त्याच वेळी बिल अडकतं.

आणि हो, मशीनवर विंडोज सेव्हनची 'स्टार्टर' आवृत्ती असेल, म्हणजे जुना दहा इंची छोटा लॅपटॉप, तर तिच्यात वॉलपेपर बदलायची सोयच दिलेली नाही. राइट क्लिक केल्यावर पर्सनलाइझ दिसतच नाही. तासभर डोकं फोडण्याआधी कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती वाचा.

वॉलपेपर बदलून निळा झाला आणि फाइली गायब

आता माझ्या चुकीकडे येतो.

विंडोज सुरू होताना प्रत्येक युजरचा एक प्रोफाइल उघडतं. तुमचा वॉलपेपर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स सगळं त्या प्रोफाइलमध्ये असतं. अचानक लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, मशीन धाडकन बंद पडलं, किंवा डिस्क खराब व्हायला लागली, तर विंडोजला तो प्रोफाइल वाचता येत नाही. मग ते काय करतं? एक तात्पुरता, कोरा प्रोफाइल बनवून देतं. त्यात वॉलपेपर कंपनीचा निळा, डेस्कटॉप रिकामा. कोपऱ्यात एक छोटा मेसेज येतो की तुम्ही टेम्पररी प्रोफाइलने आत आला आहात. तो मेसेज थोड्या वेळाने निघून जातो, आणि तुम्ही पोचता तेव्हा तो दिसत नसतो.

पण खरा प्रोफाइल कुठे गेला? कुठेच नाही. सी ड्राइव्हमध्ये 'युजर्स' नावाचा फोल्डर उघडा. तिथे मालकाच्या किंवा दुकानाच्या नावाचा फोल्डर असेल, त्याच्या आत डेस्कटॉप, त्याच्या आत उधारीची एक्सेल. जशीच्या तशी. मी त्या दिवशी हा फोल्डर उघडला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मी फॉरमॅट मारून त्यावरच नवीन विंडोज लिहिलं.

म्हणजे वॉलपेपर एकाएकी कंपनीचा झाला आणि त्यासोबत फाइलीही दिसेनाशा झाल्या, तर ती वॉलपेपरची तक्रार नाहीच. तेव्हा या क्रमाने जा. पहिलं, मालकाला सांगा की या अवस्थेत नवीन बिल किंवा काहीही सेव्ह करू नका, कारण तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेलं लॉग ऑफ केलं की पुसलं जातं. मालकाने सकाळपासून त्यात काही लिहिलं असेल तर ते आधी पेन ड्राइव्हवर घ्या. दुसरं, युजर्समधला खरा फोल्डर शोधून त्याचाही बॅकअप घ्या. तिसरं, मशीन रीस्टार्ट करा. कित्येकदा एका रीस्टार्टमध्ये जुना वॉलपेपर आणि फाइली परत येतात. नाही आलं तर नवीन युजर बनवा आणि फाइली त्यात कॉपी करा. रजिस्ट्रीत जाऊन प्रोफाइल दुरुस्त करायची पद्धतही आहे, पण हात बसेपर्यंत ती स्वतःच्या मशीनवर करून बघा, गिऱ्हाइकाच्या नको.

चौथं, डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत रंगाने दाखवतं. पिवळा 'कॉशन' दिसला तर मालकाला तेव्हाच दाखवा आणि डिस्क बदलायला सांगा. नवीन एसएसडी टाकली की तेच जुनं मशीन पळायला लागतं, तुमचंही खरं उत्पन्न तिथे आहे. वॉलपेपरच्या तक्रारीतून डिस्कचं काम निघालं, आणि तेही मालकाच्या भल्याचं.

गोंदेश्वराचा कळस का कापला जातो?

आता जरा हलकी तक्रार, पण गिऱ्हाईक यावरच जास्त चिडतं. "मोबाइलवर फोटो झकास दिसतो, कॉम्प्युटरवर लावला की मंदिराचा कळसच दिसत नाही." नाहीतर, "मंदिर जाडं दिसतंय."

इथे थोडं गणित करू. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो आडवा धरून काढला तर साधारण ४००० रुंद आणि ३००० उंच असतो. साडेअठरा इंची मॉनिटरचा पडदा १३६६ रुंद आणि ७६८ उंच. फोटोची उंची रुंदीच्या पाऊणपट आहे, पडद्याची उंची रुंदीच्या जेमतेम ५६ टक्के. ताट गोल आणि झाकण लांबट, बसणार कसं?

'फिल' लावलं तर विंडोज फोटोची रुंदी १३६६ करतं, मग उंची होते साधारण १०२४. पडद्यावर मावते ७६८. उरलेली पाव उंची कापली जाते, अर्धी वरून, अर्धी खालून. वरून कापली ती कळसाची. 'फिट' लावलं तर पूर्ण मंदिर दिसतं, पण फोटो फक्त १०२४ रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना १७१-१७१ पिक्सेलच्या पट्ट्या राहतात. 'स्ट्रेच' लावलं तर १०२४ चे ओढून १३६६ होतात, म्हणजे मंदिर एक तृतीयांश जाडं. माणसाचा फोटो असेल तर शेठ एका क्षणात सुटलेले दिसतात, आणि ते त्यांना आवडत नाही.

मोबाइल उभा धरून काढलेल्या फोटोची तर कथाच वेगळी. 'फिल' केलं तर निम्म्याहून जास्त फोटो कापला जातो. अशा फोटोला 'फिट' लावा आणि बॅकग्राउंडचा रंग गडद ठेवा. किंवा मालकाला सांगा की वॉलपेपरसाठी फोटो आडवाच काढा, थोडं मागे सरकून, वर-खाली मोकळी जागा सोडून.

पक्का उपाय म्हणजे फोटो आपणच मापात कापायचा. विंडोज सेव्हनच्या पेंटमध्ये फोटो उघडा. ४००० रुंदीच्या फोटोतून उंची २२५० च्या आसपास राहील एवढा भाग सिलेक्ट करा, कळस आत ठेवून खालचं अंगण सोडून द्या. क्रॉप करा. मग रीसाइझमध्ये पिक्सेल निवडा आणि रुंदी १३६६ टाका, उंची आपोआप ७६८ किंवा एखादा पिक्सेल इकडेतिकडे येईल. नवीन नावाने सेव्ह करा. मूळ फोटोवर कधीच सेव्ह मारू नका. चौकोनी मॉनिटर असेल तर माप वेगळं, बहुतेक १२८० बाय १०२४. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशनसमोर 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं तेच माप धरा.

मापात कापल्याचा आणखी एक फायदा आहे. फाइल दिसायला ४ एमबीची असते, पण उघडली की प्रत्येक पिक्सेलला मेमरी लागते. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट धरले तर साधारण ४६ एमबी. १३६६ बाय ७६८ चा फोटो ४ एमबीत भागतो. आणि कुणी १०८ मेगापिक्सेलवर काढलेला फोटो आणून दिला तर तो उघडायलाच ४०० एमबीच्या वर मेमरी हवी. दोन जीबी रॅमचं मशीन, त्यात बिलिंग चालू, ब्राउझर चालू. फोटो लागत नाही, पडदा अडकतो, आणि मालक म्हणतो कॉम्प्युटर म्हातारा झाला. म्हातारा झालाय हे खरं, पण ओझंही आपणच दिलंय.

फोटो धूसर दिसतो किंवा लागतच नाही

धूसर असेल तर आधी विचारा, फोटो आला कुठून? बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना लहान करून पाठवतं. त्यातही तो चार ग्रुप फिरून आलेला असला तर विचारायलाच नको. ज्याने काढलाय त्याला सांगा, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. मग मूळ फाइल येते.

फोटो चांगला आहे तरी धूसर? मग विंडोज नाही, डिस्प्ले बघा. फॉरमॅट मारल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर' दिसलं तर हेच झालंय. पडदा ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ वर चालतोय आणि रुंद मॉनिटरवर ताणला जातोय. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, वाटेल त्या साइटवरचे ड्रायव्हर-अपडेटर नकोत. आणि फोटो एका बाजूला सरकलाय, कडेला काळी पट्टी आहे, केबल जुनी निळी व्हीजीए आहे, तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. दोन सेकंदांत फोटो जागेवर येतो. याचे पैसे घेऊ नका, चहा घ्या.

फोटो लागतच नसेल तर फाइलचं शेपूट वाचा. हल्ली इंटरनेटवरून सेव्ह केलेले बरेच फोटो वेबपी असतात आणि आयफोनचे हाइक. विंडोज सेव्हनला दोन्ही कळत नाहीत. नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं म्हणजे फाइल जेपीजी होत नाही, पिशवीवर बासमती लिहून आतला तांदूळ बदलत नाही. वेबपी फाइल गिंपमध्ये उघडून जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करा. आयफोनवाल्याला कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगा, पुढचे फोटो जेपीजीच निघतील.

फ्लेक्सवाल्याकडून आलेल्या फाइलचा त्रास वेगळा. दुकानाचा लोगो किंवा उद्घाटनाचा बॅनर वॉलपेपरला लावायचा असतो, तो डिझायनरने छपाईसाठी बनवलेला, म्हणजे सीएमवायके रंगांत. पडदा आरजीबीवर चालतो. जुन्या मशीनवर अशा जेपीजीचे रंग विचित्र दिसतात, कधी फाइल उघडतच नाही. डिझायनरला फोन करा आणि आरजीबीमध्ये, १३६६ बाय ७६८ मापात मागा. त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. लोगोची अक्षरं किंचित पुसट दिसली तर त्याचंही कारण आहे. विंडोज वॉलपेपर लावताना जेपीजीची आपली एक दाबलेली प्रत बनवतं. रजिस्ट्रीत जाऊन दर्जा वाढवता येतो, पण दुकानाच्या मशीनवर मी तो उद्योग करत नाही.

ती प्रत एकदा माझ्या कामाला आली

या प्रतीचं नाव 'ट्रान्सकोडेड वॉलपेपर'. रनमध्ये अ‍ॅपडेटाचा मार्ग टाकून मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग थीम्स या फोल्डरमध्ये ती असते. अक्षरं व्हिडिओत आहेत, थांबवून बघून टाइप करा. वॉलपेपर सारखा जुनाच येतोय किंवा नवीन लागत नाहीये, तर ही प्रत बिघडलेली असू शकते. ती काढून टाकली आणि फोटो परत लावला की नवीन बनते.

पण काढण्याआधी थांबा. वॉलपेपरला कुणाचा फोटो आहे?

एका गिऱ्हाइकाकडे वडिलांचा फोटो वॉलपेपरला होता. वडील वारलेले. मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये होता तो मोबाइल हरवलेला, कॉम्प्युटरमधली फाइल कुणीतरी डिलीट केलेली. पडद्यावर दिसत होता तेवढाच. मी 'आधी दुसरा लावून बघतो' म्हणणार होतो. लावला असता तर ती प्रत नवीन फोटोने पुसली गेली असती. आधी थीम्समधली प्रत बाहेर काढली. विंडोज टेनमध्ये या फाइलला शेपूट नसतं, म्हणून कॉपी करून शेवटी जेपीजी जोडलं. फोटो उघडला. मोबाइलच्या मूळ फोटोइतका मोठा नव्हता, पण स्टुडिओत नेऊन पाच बाय सातची फ्रेम करता आली.

तेव्हापासून माझा नियम: नवीन वॉलपेपर लावण्याआधी ही प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. दहा सेकंद लागतात.

मशीनबद्दल मालकाला काय सांगायचं आणि पैसे किती घ्यायचे

वॉलपेपर आला म्हणजे मशीन बरं झालं, असं मालकाला वाटू देऊ नका. विंडोज सेव्हनला २०२० पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती काढली, तेव्हापासून तेही सेव्हनवर नवीन येत नाही. विंडोज टेनचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा बँकेचं काम मोबाइलवर किंवा वेगळ्या मशीनवर करा आणि हा कॉम्प्युटर बिलांपुरता, शक्यतो इंटरनेट काढून वापरा, असं सांगा. मालक लगेच नवीन घेणार नाही, तुम्ही दबाव टाकू नका. पण सांगितलं होतं हे पावतीवर लिहा.

पैशांचं म्हणाल तर मी दोन भाग करतो. येण्या-जाण्याचे आणि तपासणीचे ठरलेले पैसे, ते फोनवरच सांगायचे. सिन्नर गावातला दर वेगळा, माळेगाव एमआयडीसीचा वेगळा, कारण पेट्रोल आणि वेळ जातो. त्यावर कामाचे पैसे. 'स्ट्रेच'चं 'फिल' केलं याचे वेगळे पैसे घेऊ नका, तपासणीत धरा. बॅकअपचे मात्र घ्या, कारण तिथे तुमचा अर्धा तास आणि जबाबदारी दोन्ही लागते. काही जण वॉलपेपरच्या कोपऱ्यात आपलं नाव आणि मोबाइल नंबर टाकून देतात. कल्पना वाईट नाही, पण मालकाला विचारून, बारीक अक्षरात. गोंदेश्वराच्या पायथ्याशी 'सर्व प्रकारची कॉम्प्युटर दुरुस्ती' असं ठळक लिहिलेलं मी पाहिलंय, आणि त्या मालकाने मला पहिलं काम तेच काढायचं दिलं होतं.

पावती अशी लिहा: "तक्रार: वॉलपेपर काळा. कारण: पिक्चर पोझिशन स्ट्रेच. केलेलं काम: पोझिशन फिल केली, डेस्कटॉप व बिलिंग डेटाचा बॅकअप मालकाच्या पेन ड्राइव्हवर, तीन फाइली उघडून दाखवल्या. डिस्कची तब्येत: चांगली. सूचना: या मशीनवर नेट बँकिंग करू नये." खाली तारीख, तुमची सही, मालकाची सही. एक प्रत त्यांना, एक तुमच्या फाइलला.